गाण्यांचा ढीग एक्स्टर्नल डिस्कवर हलवायचा आणि लावायचा: नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आणि पुण्या-सुरतेला गेलेल्या आपल्याच लोकांकडून वर्षभर हेच प्रश्न येत असतात, लग्नसराई आटोपली की डीजेवाल्यांचे आणि श्रावण लागला की घरच्यांचे. म्हणून सगळे एका जागी लिहिलेत. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिसला तर तिकडे जाऊन बघा, तेच तेच परत लिहिलेलं नाही.

१. माझ्याकडे ४०० जीबी गाणी आहेत, हार्ड डिस्क घेऊ का एसएसडी?

डिस्कचं नंतर, आधी गाण्यांकडे बघा. त्यातलं परत मिळेल असं किती आणि परत कधीच मिळणार नाही असं किती? हिंदी पिक्चरची गाणी उद्या सगळी उडाली तरी आठवडाभरात परत जमवता येतात, पण मामाच्या लग्नात वाजलेल्या बँडचं रेकॉर्डिंग, गावच्या भजनी मंडळाचं, कोणाच्या आजीच्या आवाजातली कानबाईची गाणी (खानदेशातली देवी, श्रावणातल्या एका रविवारी रात्रभर गाणी म्हणून जागवतात), नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीतला ढोल, हे कुठल्याच साइटवर नाही. साधारण ४०० जीबीत असा माल दहा-वीस जीबीच निघतो आणि खरी काळजी त्याचीच घ्यायची असते.

आता डिस्क. नुसती साठवायची असतील तर एका एसएसडीऐवजी (चिपवाली डिस्क, आत काही फिरत नाही) दोन साध्या हार्ड डिस्क घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एसएसडी फास्ट आहे, पडली तरी सहसा काही होत नाही, पण वर्षानुवर्षं करंट न देता कपाटात टाकून ठेवायची वस्तू ती नाही. उलट कार्यक्रमात डिस्कवरूनच लाईव्ह वाजवत असाल तर एसएसडीच घ्या, कारण बासच्या बॉक्सशेजारी हार्ड डिस्क ठेवली की त्या हादऱ्याने आतल्या फिरत्या भागाचे हाल होतात.

२. १ टीबीची घेतली आणि कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतोय. दुकानदाराने चुना लावला का?

नाही हो. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा कमी दिसतो. चुना कशाला म्हणतात ते प्रश्न ३ मधे आहे.

३. २ टीबीचा पेनड्राइव्ह एकदम स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

नका घेऊ. असल्या ड्राइव्हच्या आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगितलेला असतो. कॉपी अगदी नीट झाल्यासारखी दिसते, नावं दिसतात, साइझ दिसते, वाजवायला गेलं की गाणं मुकं. आधीच घेऊन बसला असाल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं. वेळ खूप खातं, पण नवीन कुठलीही वस्तू आणली की हे एकदा चालवायचंच.

४. फॉरमॅट कोणतं मारू? एफएटी३२, एक्सफॅट का एनटीएफएस?

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्हीवर लावायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही. गाडीच्या स्टिरिओत किंवा जुन्या साउंड सिस्टीमला लावायच्या पेनड्राइव्हला एफएटी३२, बाकीचे फॉरमॅट पुष्कळ स्टिरिओ ओळखतच नाहीत.

एक्सफॅटची एक खोड माहिती पाहिजे. एनटीएफएसमधे काय बदल चाललाय त्याची नोंद डिस्कवरच होत असते, एक्सफॅटमधे तशी होत नाही, त्यामुळे कॉपी चालू असताना वायर ओढली तर नुकसान जास्त होऊ शकतं. आपल्याकडे लाईट जाणं काही नवीन नाही तेव्हा नीट इजेक्ट करायची सवय लावा.

एफएटी३२ मधे एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही. गाण्यांना काही फरक पडत नाही, रात्रभराच्या रेकॉर्डिंगला पडतो (प्रश्न १८).

५. कट-पेस्ट केलं तर चालेल ना? पटकन होतं.

एका डिस्कवरून दुसरीवर जाताना कट-पेस्ट पटकन होत नाहीच, आतून ते कॉपी करून मग जुनं डिलीटच करतं. मधेच वायर हलली की अर्धं इकडे अर्धं तिकडे आणि कोणतं कुठे ते शोधत बसा. कॉपी करा, तपासा (प्रश्न ७), काही दिवस दोन्हीकडे राहू द्या, मग जुन्याचं काय करायचं ते ठरवा.

आणि हलवता हलवता लावायला बसू नका. हे फोल्डर तिकडे, हे नाव बदलू, हे डुप्लिकेट दिसतंय उडवून टाकू, असं एकाच वेळी करायला घेतलं की नंतर जुनी आणि नवी डिस्क एकमेकींशी ताडून बघताच येत नाही. आहे तसा कचऱ्यासकट ढीग आधी नवीन डिस्कवर जाऊ द्या. आवराआवर मग फक्त एका डिस्कवर करायची, दुसरीला हात लावायचा नाही.

६. किती वेळ लागतो? माझं सुरुवातीला १०० एमबीने पळतं आणि मग १० वर येऊन रखडतं.

जुनं यूएसबी २ चं पोर्ट असेल तर सेकंदाला साधारण ३० एमबी धरा, म्हणजे ४०० जीबीला पावणेचार तासांच्या आसपास. यूएसबी ३ (बहुतेक निळं पोर्ट, आणि वायरसुद्धा त्याचीच पाहिजे, हे लोक विसरतात) असेल तर हार्ड डिस्कला १०० एमबी धरा, तास-सव्वा तासात काम होतं. हा कागदावरचा हिशोब झाला. खरं म्हणजे ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट, आकडा मोठा तशी क्वालिटी चांगली) पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं, ४०० जीबीत अशा तेहतीस हजार फाईल होतात, प्रत्येक फाईलला उघडा-लिहा-बंद करा चालतं, त्यामुळे एका मोठ्या पिक्चरपेक्षा जास्त वेळ जातो. रात्री लावून झोपा, फक्त लॅपटॉपचं स्लीप बंद करून.

मधेच रखडतं त्याचं कारण बहुतेक वेळा डिस्कच्या जातीत असतं. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कमधे पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, एसएमआर म्हणतात त्याला, थोडा माल पटकन घेतात आणि खूप माल आला की दमतात. खराब झालेली नसते ती. पंधरा-वीस मिनिटं थांबून परत चालू केलं तर पुन्हा पळते. पण स्पीड पडताना खरखर किंवा टकटक ऐकू आली तर सरळ प्रश्न १७ वर जा.

७. सगळी गाणी पोचली हे कसं कळणार? आणि कॉपी चालू असताना लाईट गेली तर?

दोन्ही फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि दोन गोष्टी जुळवा, फाईलची संख्या आणि बाइटमधली साइझ. तिथे साइझ आणि साइझ ऑन डिस्क अशा दोन ओळी येतात, त्यातली पहिली बघायची. दुसरी दोन डिस्कवर वेगळी येणारच, फॉरमॅटवर अवलंबून असते ती, आणि तिलाच बघून लोक घाबरतात.

एवढ्याने फाईल पोचली इतकंच कळतं, आतला माल धड आहे का ते नाही. त्यासाठी टेराकॉपी नावाचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात कॉपीनंतर व्हेरिफाय करायचा पर्याय असतो, तो दोन्हीकडची फाईल परत वाचून ताडून बघतो. वेळ जवळपास दुप्पट लागतो. पिक्चरच्या गाण्यांना नाही केलं तरी चालेल, घरच्या रेकॉर्डिंगला कराच.

लाईट गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर शेवटची चालू असलेली फाईल नव्या डिस्कवर शोधून हातानेच उडवा. कारण विंडोज कॉपी सुरू करतानाच पूर्ण जागा अडवून ठेवतं, त्यामुळे अर्धवट फाईलसुद्धा पुऱ्या साइझची दिसू शकते. मग बाकीचं परत चालू करायचं. विंडोजमधे रोबोकॉपी नावाचं कॉपीचं साधन आधीपासून असतं, ते आलेल्या फाईली सोडून राहिलेल्याच घेतं. पण त्याचा मिररवाला पर्याय समजल्याशिवाय देऊ नका, जे मूळ जागी नाही ते तो नव्या जागेवरून उडवून टाकतो.

८. काही फाईल कॉपीच होत नाहीत, नाव लांब आहे म्हणतो.

विंडोजमधे सहसा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाईलच्या नावापर्यंत, २६० अक्षरांच्या आत लागतो. डाउनलोडच्या फोल्डरात फोल्डर, त्यात परत फोल्डर, आणि प्रत्येकाच्या नावात पिक्चर, साल, क्वालिटी आणि साइटची जाहिरात, मग काय होणार. वरच्या फोल्डरांची नावं एका शब्दाची करा, बहुतेक तेवढ्यानेच सुटतं. मॅककडून आलेल्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन असेल तरी विंडोज अडतं, ते काढा.

९. फोल्डर कसे लावू? गायकाप्रमाणे, पिक्चरप्रमाणे, का वर्षाप्रमाणे?

सगळ्यात वर दोनच फोल्डर करा, एक घरचं आणि एक बाजारचं. प्रश्न १ मधे सांगितलं तेच. बॅकअप घेताना "घरचं" एका झटक्यात उचलता येतं.

बाजारच्यात पिक्चरची गाणी पिक्चरच्या नावाने ठेवा, गायकाच्या नाही. एका पिक्चरमधे चार गायक असतात, युगुलगीत कोणाच्या फोल्डरात टाकणार? गायकाप्रमाणे बघायचं असेल तर ते काम टॅगचं (प्रश्न १०). अहिराणी गाण्यांचं मात्र वेगळं आहे, तिथे बहुतेक एकेक सुटं गाणं किंवा व्हिडिओचा ऑडिओ असतो, अल्बम फारसा नसतो, तिथे गायकाच्या नावानेच बरं पडतं.

घरच्यात नाव तारखेने सुरू करायचं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग काय ते. उदाहरणार्थ: २०१९-०८-११_अमळनेर_कानबाई_जागरण. असं लिहिलं की आपोआप क्रमाने लागतं. तारीख आठवत नसेल तर नुसतं वर्ष, तेही नसेल तर अंदाजे लिहून पुढे "अंदाजे" हा शब्द टाका. कोण गातंय ते विचारून लिहून घ्या, आत्ताच, घरातली जाणती माणसं आहेत तोवर. ते नाव कुठलंच सॉफ्टवेअर शोधून देणार नाही.

१०. टॅग म्हणजे नेमकं काय, आणि एकच अल्बम वीस तुकड्यांत का दिसतो?

फाईलच्या आतच गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष लिहायची जागा असते, तो टॅग. प्लेअर बहुतेक फोल्डर बघतच नाही, टॅग बघतो. एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर घ्या, पूर्ण फोल्डर उघडून एकदम हजार गाण्यांचे टॅग बदलता येतात. प्रत्येक नावाच्या शेवटी साइटची जाहिरात चिकटलेली असते तीसुद्धा रिप्लेसने एका फटक्यात जाते.

अल्बमचे तुकडे होतात कारण प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा आणि काही प्लेअर गायक बदलला की नवीन अल्बम समजतात. त्यावर "अल्बम आर्टिस्ट" नावाची वेगळी जागा आहे, त्यात सगळ्या गाण्यांना एकच काहीतरी टाका, "विविध कलाकार" किंवा संगीतकाराचं नाव, लगेच एकत्र येतात.

हिंदी-इंग्रजी गाण्यांसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आहे, ते गाणं ऐकून ओळखतं आणि टॅग भरतं. अहिराणीला त्याच्यावर सोडू नका, एक तर ओळखतच नाही, आणि ओळखलं तर एखादवेळी भलत्याच गाण्याचं नाव चिकटवतं. आणि शोधायचं म्हटलं तर कोणी कानबाई लिहितं, कोणी कानुबाई, त्यामुळे एक स्पेलिंग ठरवा आणि दुसरं कमेंटच्या जागेत टाका.

११. टॅग मराठीत लिहिले तर गाडीत चौकोन दिसतात.

स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नसतो, गाण्याला काही झालेलं नाही. म्हणून फाईलचं नाव रोमन लिपीत ठेवा आणि टॅग देवनागरीत, म्हणजे मोबाईलवर नीट दिसेल आणि गाडीत फोल्डरवरून शोधता येईल. एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमधे आयडीथ्री २.३, यूटीएफ-१६ निवडा, हे जवळपास सगळीकडे चालतं. जुना व्हर्जन १ चा टॅग काढून टाका, त्यात नावाला ३० च अक्षरं मावतात आणि देवनागरी बसतच नाही.

कॉम्प्युटरवरसुद्धा नाव अगम्य चिन्हांत दिसत असेल तर ते कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टात टाईप केलेलं असणार, कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. आणि पेनड्राइव्हवर गाणी क्रमाने न वाजता भलत्याच क्रमाने वाजत असतील तर काही स्टिरिओ नावाने नाही, कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतात, ड्राइव्हसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर तो क्रम लावून देतं.

१२. व्हॉट्सॲपवर आलेली गाणी सगळी "एयूडी" आणि आकडे अशी आहेत, काय करायचं?

ऑडिओ म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप मूळ नाव काढून टाकतं आणि आपलं देतं. पुढच्या वेळी समोरच्याला सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग नाव तसंच येतं. आधीच्या फाईलींच्या नावात जो आठ आकडी नंबर आहे ती तारीख आहे, वर्ष-महिना-दिवस, तो फेकू नका. गाणं कधी गायलं ते नाही कळत, पण त्या दिवशीच्या चॅटमधे जाऊन कोणी पाठवलं ते सापडतं. "पीटीटी" ने सुरू होतात त्या बोलून पाठवलेल्या व्हॉइस नोट. त्या कोणी मोजतच नाही आणि घरच्या गाण्यांचा निम्मा खजिना तिथेच पडलेला असतो, कारण मावशीने गाणं म्हणून पाठवलं ते बटण दाबूनच. ओपस फाईल असतात, एमपीथ्री करत बसू नका, व्हीएलसीत वाजतात, तशाच ठेवा.

१३. डुप्लिकेट कसे काढू? आणि १२८ केबीपीएसची गाणी ३२० करून टाकली तर?

आधी तंतोतंत सारख्या फाईल काढा, च्कावका (Czkawka) किंवा ड्यूपगुरू नावाचं सॉफ्टवेअर वापरून. यात धोका कमी, दोन्ही बाइट न् बाइट सारख्याच असतात. मग नावाने किंवा टॅगने सारख्या दिसणाऱ्या, इथे थांबून बघा. एकाच नावाचं गाणं पिक्चरचं वेगळं, स्टेजवरचं वेगळं, रिमिक्स वेगळं. मिनिटं-सेकंद ताडून बघा, तीन-चार सेकंदांहून जास्त फरक असेल तर ऐकल्याशिवाय उडवू नका. घरचं फोल्डर या कामातून पूर्ण बाहेर ठेवा.

१२८ चं ३२० केल्याने साइझ अडीच पट होते आणि आवाज रुपयाभरही सुधारत नाही, गेलेलं परत येत नसतं. बाजारात ३२० म्हणून फिरणारी बरीच गाणी अशीच फुगवलेली असतात. शंका आली तर स्पेक नावाच्या सॉफ्टवेअरमधे उघडा, १६ किलोहर्ट्झच्या आसपास चित्र कापल्यासारखं सपाट दिसलं तर मूळ माल १२८ चा.

१४. डिस्क बदलली आणि प्लेअरमधे सगळ्या गाण्यांपुढे उद्गारचिन्ह आलं. प्लेलिस्ट गेल्या का?

गेल्या नाहीत. प्लेअर जुन्या ड्राइव्हच्या अक्षरावर शोधतोय, डिस्क दुसऱ्या अक्षरावर आलीय. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन नव्या डिस्कला जुनंच अक्षर द्या, आतले फोल्डर तसेच असतील तर सगळं जागेवर येतं. नवीन सुरुवात करत असाल तर "एम" सारखं मधलं अक्षर द्या, पेनड्राइव्ह लावले की सुरुवातीची अक्षरं तेच पळवतात. आयट्यून्सवाल्यांनी शिफ्ट दाबून धरून (मॅकवर ऑप्शन) ते उघडायचं म्हणजे लायब्ररी कुठली घ्यायची ते विचारतं.

एमथ्रीयू प्लेलिस्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमधे उघडून जुनं अक्षर रिप्लेस केलं की झालं. नावं देवनागरीत असतील तर यूटीएफ-८ मधे, एमथ्रीयू८ म्हणून सेव्ह करा.

१५. मी डीजे वाजवतो, नवीन डिस्कवर क्यू पॉइंट येतील का?

क्यू पॉइंट म्हणजे गाणं कुठून उचलायचं त्याच्या खुणा. नुसतं गाण्यांचं फोल्डर उचललं तर सगळे येतील याची खात्री नाही. सेराटो आणि व्हर्च्युअल डीजे ही डीजेची सॉफ्टवेअर एक्स्टर्नल डिस्कच्या मुळातच आपापल्या नावाचं फोल्डर करतात आणि त्या डिस्कवरच्या गाण्यांची माहिती तिथे ठेवतात. म्हणून डिस्क जशीच्या तशी हलवा, फोल्डरची नावं आणि जागा न बदलता. प्रश्न ९ ची आवराआवर तुम्ही करायचीच असेल तर सॉफ्टवेअरच्या आतून करा, विंडोजच्या खिडकीतून नाही. आणि लग्नसराईच्या मधोमध तर अजिबातच नाही.

१६. मे महिन्यात डिस्क खूप गरम होते, चालतं का?

बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या कागदावर वापरताना बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ वर जातो. थोडी गाणी ऐकायला काही होत नाही, पण चार तासांची कॉपी दुपारी पत्र्याच्या खोलीत लावू नका. पहाटे लावा, कूलरच्या वाऱ्यात पण पाण्याच्या तुषारात नाही, गादीवर नाही तर फरशीवर किंवा स्टीलच्या ताटावर ठेवून. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

१७. भाऊ, डिस्क लावी तं "फॉरमॅट करा" सांगस, काय करू आते?

नाही म्हणायचं, ती खिडकी बंद करायची. मग दुसरी वायर, दुसरं पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर. पुढच्या बाजूच्या पोर्टला करंट कमी पडला तरी असं होतं, मागच्या पोर्टला लावून बघा. उघडली तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमधे तब्येत बघा. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयित जागांचा) आकडा शून्य नसेल आणि वाढत चालला असेल तर आधी घरचं फोल्डर बाहेर काढा, मग बाकीचं.

विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं चेकडिस्क चालवा असा सल्ला हमखास मिळतो. चांगल्या डिस्कवर ठीक, मरायला टेकलेल्या डिस्कवर नको, ते डिस्कला आणखी दमवतं आणि फायली इकडच्या तिकडे करतं. टकटक आवाज येत असेल तर करंट काढा आणि आतला माल परत न मिळणारा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. पैसे बरेच लागतात. फ्रीजमधे ठेवायचा उपाय करू नका, आत दमट होतं.

१८. कानबाईच्या रात्रीचं रेकॉर्डिंग करतो, सकाळी फाईल अर्धीच असते किंवा उघडत नाही.

साध्या वेव्ह फाईलची स्वतःचीच मर्यादा ४ जीबी आहे आणि कार्ड एफएटी३२ असेल तर तिथेही तीच. सीडीच्या क्वालिटीत, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओ, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी जातात, म्हणजे पावणेसात तासांत ४ जीबी भरले. कोणीतरी सेटिंग वाढवून २४ बिट ४८ किलोहर्ट्झ केलं असेल तर चार तासांतच. म्हणजे रविवारी रात्री नऊला चालू केलं तर गाणी ऐन रंगात येताना मशीन थांबतं. काही रेकॉर्डर आपोआप नवी फाईल चालू करतात, काही नुसते बंद पडतात, तुमचं कुठलं ते आदल्या रात्री रिकाम्या खोलीत चालू ठेवून बघा. नाहीतर दर तासाला कोणीतरी थांबवून परत चालू करायचं, आरती आणि गाण्यांच्या मधे जी चहाची वेळ होते ती त्याला बरोबर आहे.

उघडत नाही त्या फाईलचा बराचसा माल आत असतो, फक्त सुरुवातीची लांबीची नोंद चुकलेली असते. ऑडॅसिटी नावाच्या ऑडिओ सॉफ्टवेअरमधे साधं ओपन न करता "इम्पोर्ट रॉ डेटा" मधून १६ किंवा २४ बिट, स्टिरिओ आणि जो सॅम्पल रेट होता तो देऊन उघडा. नुसती खरखर आली तर बिटचा आकडा बदलून परत बघा, आवाज चिरका किंवा घोगरा आला तर सॅम्पल रेट चुकलाय. जमलं की फ्लॅकमधे सेव्ह करा, आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागा निम्म्याच्या आसपास लागते. मग नाव प्रश्न ९ प्रमाणे, आणि कॉपी दोन डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.